थोबाडीत बसली आणि मी चॅनल बदललं नाही

पत्राचा सारांश

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात, मुलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीवर आहेत, आठवी-नववीच्या मुलींशी पाळीपासून बालविवाहापर्यंत सगळ्यावर मोकळेपणाने बोलतात. संध्याकाळी साडेसात ते नऊ मात्र सासूबाईंच्या शेजारी बसून मालिका. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फारशा घराबाहेर पडत नाहीत. धाकट्या दिरांचा तिसरीतला मुलगा तिथेच सतरंजीवर गृहपाठ करत असतो. दोघींची लाडकी मालिका आठची. मध्यंतरी तिच्यात नवऱ्याने नायिकेला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. पुढे पंधरा दिवस ती गप्प राहिली, सासरच्यांचं सगळं करत राहिली, आणि शेवटी त्याने तिची माफी मागितली.

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या लेकीने हे पाहिलं आणि जेवता जेवता म्हणाली, "शाळेत मुलींना सांगतेस सहन करू नका, आणि घरी सहन करणारीसाठी डोळे पुसतेस. तुमच्यासारख्या बघतात म्हणून ते असलं दाखवतात, आई."

त्या दिवसापासून ताईंनी मालिका सोडली. सासूबाई एकट्याच बघतात, आवाज बारीक करून. आणि ताई आता मधल्या सुटीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात इअरफोन लावून तोच भाग मोबाइलवर बघतात. त्या विचारतात: "मी दुटप्पी आहे का? चुकीचं आहे हे कळत असूनही त्यात मला मजा येते, तर दोष माझा आहे का? सासूबाईंनाही बघू देऊ नये का? खरं सांगू? त्याने माफी मागितली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं."

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काही टोचलं असेल, तर ते इअरफोन. पाठ भिंतीला लावून, मागून कुणी डोकावणार नाही अशा बेताने बसलेल्या तुम्ही मला दिसलात. मालिका सोडली असं तुम्ही लिहिलंय, पण ती कुठे सुटली? सुटली ती सासूबाईंची सोबत.

त्यात एक गंमत झाली आहे. टीआरपी कशी मोजतात हे बहुतेकांना माहीत नसतं. बार्क नावाची संस्था ती मोजते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत टीव्हीला मीटर जोडलेलं असतं. कोणाच्या घरी, हे गुप्त ठेवतात. तिथल्या माणसांनी काय पाहिलं, यावरून बाकीच्या देशाने काय पाहिलं असेल त्याचा अंदाज बांधतात. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा आरोप हाच होता की मीटरवाली घरं शोधून त्यांना ठरावीक चॅनल लावून ठेवायला पैसे दिले. म्हणजे तुमच्या घरी मीटर नसेल, तर तुम्ही हॉलमध्ये रोज आठला बसलात काय आणि नाही बसलात काय, त्या आकड्यात थेट काही हललं नाही. ॲपवर मात्र तुम्ही कोणता भाग उघडलात आणि किती वेळ पाहिलात, याची नोंद राहते. माफीचा प्रसंग मागे नेऊन दुसऱ्यांदा पाहिला असेल, तर तीही. लेकीचं ऐकून तुम्ही न मोजलेल्या जागेवरून उठून मोजलेल्या जागेवर जाऊन बसलात!

म्हणून लगेच "बघ, आपलं घर मोजतच नाहीत" असं लेकीला ऐकवायला जाऊ नका. ज्या घरांत मीटर आहे ती तुमच्या-माझ्यासारखीच घरं असतात. तिथेही एक सासू, एक सून आणि आठची मालिका असते. त्या आपल्यासारख्या आहेत म्हणूनच आपल्या वतीने मोजल्या जातात. आणि मीटरला तोंड दिसत नाही. "काय मेलं दाखवतात" म्हणत शिव्या घालत पाहिलेला भाग आणि डोळे पुसत पाहिलेला भाग तिथे सारखाच लागतो. "आम्ही काही आवडीने बघत नाही, नावं ठेवायला बघतो" म्हणणाऱ्या मंडळींनी हे एकदा लक्षात घ्यावं. अशी मंडळी पुष्कळ आहेत, मीही कधीकधी त्यांच्यात असते.

लेकीच्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलेली आहे. एक, तुला यात मजा येते म्हणजे तुला हे पटतं. दोन, तू बघतेस म्हणून ते दाखवतात. दुसरीत तथ्य आहे, पण जबाबदारीचा तो वाटा लहान आहे आणि लाखो लोकांत वाटलेला आहे. पहिली मला मान्यच नाही.

निळू फुले पडद्यावर आले की गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या. तेच निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात वाढलेले, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिलेले. त्यांचा पाटील किंवा सरपंच पाहायला लोक तिकीट काढून जात. ते हसणं, ती लकब, तो खालच्या आवाजातला दरारा यांची मजा सगळ्यांनी घेतली, आणि कोणी त्या सरपंचाच्या बाजूचं झालं नाही. (खऱ्या सरपंचांचं मी बोलत नाहीये.) गोष्टीतल्या वाईटाची चव घेणं वेगळं आणि ते वाईट घरी पोसणं वेगळं, एवढा पोच माणसाला असतो. तुमच्या लेकीलाही आहे. मोबाइलवर ती काय काय बघते ते विचारा तिला. उलटा वार म्हणून नव्हे, सहज.

पण इथेच तुम्हाला मोकळं सोडलं, तर ते खरं उत्तर होणार नाही. का, ते माझ्यावरूनच सांगते.

२०१९ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या भुताखेतांच्या मालिकेचं दुसरं पर्व सुरू झालं, तेव्हा रात्री साडेदहाला मी टीव्हीसमोरून हलत नसे. २०१६ मध्ये पहिलं पर्व आलं, तेव्हा ही मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते, कोकणची बदनामी करते असा आक्षेप तिकडच्या काही लोकांनी घेतला होता. मला तो जरा अतीच वाटला होता. मग दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक आले. बायकोला पायाखाली ठेवणारा, खून पचवणारा माणूस. आणि त्याचं जिच्याशी प्रकरण होतं ती शेवंता आली. या दोघांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. अण्णांची मीम्स मी स्वतः तीन-चार ग्रुपांवर ढकलली आहेत. एके सकाळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी आदल्या रात्रीचा भाग रंगवून सांगत होते. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाल्या, "सगळे अण्णा-शेवंता, अण्णा-शेवंता करतात. त्या माईचं कुणी बोलतच नाही हो."

माई म्हणजे अण्णांची बायको. मी गप्प झाले, कारण मला आदल्या रात्रीच्या भागात माई होती की नाही हेही आठवेना.

अण्णा आवडले म्हणून मी बायको मारणाऱ्यांची पाठराखीण झाले नव्हते. पण मजेच्या भरात त्या घरातल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या एका बाईला मी साफ विसरले होते. माझी चूक झाली असेल तर ती तिथे, टीव्ही लावण्यात नव्हे. तेव्हापासून एखादी मालिका फार आवडायला लागली की मी एकच बघते: ही मजा घेताना आपल्या नजरेतून कोण सुटतंय? उत्तर सापडलं तरी मालिका बंद करावी लागत नाही. मावशींनीही केली नव्हती. मात्र त्यानंतर ती मीम्स पुढे ढकलताना हात जरा अडखळायला लागला.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते. त्याने माफी मागितली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. मला वाटतं, तुमच्या पत्राचं सगळं मर्म त्यात आहे. तुम्हाला थोबाडीत आवडली नव्हती, माफी आवडली होती. आपल्याकडच्या किती घरांत पुरुषाने बायकोपाशी "चुकलं माझं" असं शब्दांत म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? मी माझ्या वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि ते वाईट नव्हते. रागावून झालं की दुसऱ्या दिवशी बाजारातून आईच्या आवडीची भाजी आणत, तीच माफी. त्यामुळे एक पुरुष सगळ्यांसमोर मान खाली घालून चूक कबूल करतोय, हे दृश्य आपल्याला पाण्यासारखं लागतं. त्याची तहान खरी आहे, तिची लाज वाटून घेऊ नका.

गोम अशी, की ते पाणी मिळावं म्हणून मालिका आधी थोबाडीत मारते. पंधरा दिवसांचं गप्प बसणं हे माफीचं भाडं होऊन बसतं. मालिकेत माफी येतेच, कारण लेखकाला ती आणायचीच असते. घराघरांत तशी कुणी लिहून ठेवलेली नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारतात, की नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य ठरतं का? सात कारणं वाचून दाखवतात. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ४४ टक्के बायकांनी यातल्या निदान एका कारणाला होकार दिला. ती यादी पुन्हा एकदा वाचा. शरीरसंबंधाचं सोडलं तर आठच्या कुठल्याही मालिकेचं सहा महिन्यांचं कथानक त्यात आहे.

हे ४४ टक्के मालिकांनी घडवले असं मी म्हणत नाही. टीव्ही घरात यायच्या आधी आपल्याकडे बायका मार खात नव्हत्या, असा इतिहास नाही. उलट एक अभ्यास फार बुचकळ्यात टाकणारा आहे, तुमच्या लेकीलाही तो आवडेल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ मध्ये बिहार, हरयाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या गावांतली माहिती घेऊन केबल आल्यावर काय बदललं ते तपासलं. जिथे केबल आली, तिथे मारहाण योग्य आहे म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा असं म्हणणंही कमी झालं. आणि तेव्हा केबलवर जोर कशाचा होता? सासू-सुनांच्या मालिकांचा, ज्यांना आपण तोंड भरून नावं ठेवतो त्यांचाच! दुसऱ्या काही अभ्यासकांनी या निष्कर्षांवर शंका घेतल्या आहेत, त्यामुळे सगळा भार मी एवढ्यावर टाकणार नाही. पण मला ते अशक्य वाटत नाही. मालिका म्हणते, सून सहनशील असावी. आणि बघणारीच्या डोळ्यांत भरतं ते वेगळंच: ही बाई गाडी चालवते, हिच्या पर्समध्ये हिचे पैसे आहेत, ही सासऱ्यांसमोर खुर्चीत बसते. मालिका जे शिकवू पाहते तेच बघणारी शिकते, असं कुठे आहे?

म्हणून सासूबाईंचा रिमोट काढून घेऊ नका. त्यांच्या वतीने त्यांची मजा तपासण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि नातीलाही नाही. तुम्ही लिहिलंय, त्या आता आवाज बारीक करून बघतात. त्यांना ऐकायला कमी येत असेल तर त्या खरं म्हणजे मोठा करून बघतील. बारीक केलाय, कारण नातीने जे सुनेला सुनावलं ते आपल्यालाही होतं, हे त्यांना कळलंय.

माझी आत्या बार्शीला असायची. संध्याकाळी लसूण सोलायला घेऊन टीव्हीसमोर बसायची. तेव्हाच्या कुठल्याशा मालिकेत सुनेला आजारी आईला भेटायला जाऊ देत नाहीत, असं काहीसं चाललं होतं. आम्ही भाच्या हसत होतो त्या रडारडीला. आत्या टीव्हीकडे बघतच म्हणाली, "मला तर बाराव्याला पाठवलं. आधी नाही. स्वयंपाकाला कोण, म्हणून." चाळीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही ते आम्हाला नाही, त्या टीव्हीतल्या सुनेला सांगितलं. मग जाहिराती लागल्या आणि ती चहा ठेवायला उठली. आम्ही हसत राहिलो नसतो तर कदाचित पुढचंही बोलली असती.

तेव्हा परत जाऊन बसा सासूबाईंच्या शेजारी. पुढच्या वेळी असा प्रसंग आला की जाहिरातीत विचारा, "आई, तुमच्या वेळी असं झालं असतं तर?" उत्तर नाही आलं तर नाही. प्रबोधन करायला जाऊ नका, तुमचा शाळेतला आवाज त्या खोलीत नको. बाजूला बसणं पुरे आहे.

पण सतरंजीवरच्या त्या तिसरीतल्या मुलाचं काय? पत्रात त्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. माझ्या लेखी तुमची खरी जबाबदारी तिथे आहे. तो मालिका बघत नाही असं तुम्हाला वाटतं, पण तो मालिका बघणाऱ्या तुम्हा दोघींना बघतो. थोबाडीत बसली तेव्हा काकू आणि आजी गप्प होत्या, आणि माफी मागितली तेव्हा दोघींनी डोळे पुसले. एवढ्यावरून तो काय गणित मांडेल? त्याला व्याख्यान द्यायची गरज नाही. "अरे, हात कसा उचलला याने!" एवढं त्याच्या कानावर पडेलसं बोलायचं आणि पुढचा भाग खुशाल बघायचा. मुलं असलेल्या सगळ्याच घरांना मी हेच सांगेन. टीव्ही बंद करण्यापेक्षा आपलं तोंड उघडणं जास्त लागू पडतं. टीव्ही बंद केला तर पोरं मोबाइलवर बघतात आणि तिथे शेजारी काकू नसते.

शाळेतही याचा उपयोग करा की. तुमच्या नववीच्या मुली आठची मालिका बघतातच. पुढच्या तासाला तोच प्रसंग घ्या. तिने पंधरा दिवस काय करायला हवं होतं? कोणाला सांगायला हवं होतं? मुली स्वतःच्या घरातलं सहसा बोलत नाहीत, नायिकेचं भरभरून बोलतात. बोलता बोलता एखादी "आमच्यात पण" म्हणाली, तर समिती आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि पुढे काय करायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राहिला त्या मालिकावाल्यांचा प्रश्न. काही वाचकांना वाटतं, आपण घरात बडबडून त्यांना काय फरक पडतो. पडतो, पण योग्य जागी बोललं तर. जुलै २०१७ मध्ये सोनीवर 'पहरेदार पिया की' नावाची मालिका आली. जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न, आणि वर मधुचंद्राच्या गोष्टी. प्रेक्षकांनी ऑनलाइन याचिका केली, तक्रारी बीसीसीसी या वाहिन्यांच्याच तक्रार परिषदेकडे गेल्या. परिषदेने मालिका रात्री उशिराच्या वेळेवर न्यायला आणि बालविवाहाचं समर्थन करत नाही अशी पट्टी दाखवायला सांगितलं. ऑगस्टअखेर वाहिनीने ती बंदच केली. आता २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षकाने तक्रार केली की वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाली काढायची. समाधान नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत परिषदेसारख्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. केबल कायद्याखालच्या कार्यक्रम संहितेत स्त्रियांची अवहेलना आणि अंधश्रद्धेला उत्तेजन या दोन्हींना मनाई आहे.

तुमच्या मालिकेबद्दल मात्र, नुसती थोबाडीत दाखवली म्हणून तक्रार करू नका. ती टिकणार नाही आणि टिकूही नये. मारहाण दाखवायचीच नाही असं ठरलं, तर मार खाणाऱ्या बाईची गोष्टही कुणी सांगू शकणार नाही. पण तुम्ही लिहिलंय, की प्रोमोत तोच फटका गाणं लावून, संथ करून, आठवडाभर दाखवत होते. त्याबद्दल जरूर लिहा. तो फटका गोष्टीसाठी नव्हता, विक्रीसाठी होता. आणि तो प्रोमो "बघा काय दाखवतात" म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. पाठवणाऱ्याचा राग पुढे जात नाही, प्रोमो तेवढा जातो.

तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात, त्यांना दोन ओळींत सांगते. लुगडं नेसलेला पुरुष आणि जाड्या, काळ्या बायकोवरचे विनोद यांना हसू येतं म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांनो, हसू आधी येतं आणि विचार मागून येतो, त्याला इलाज नाही. फक्त त्या वेळी खोलीत कुणी जाड किंवा सावळी मुलगी बसलेली असेल तर तिच्याकडे एकदा बघा. रिॲलिटी शोच्या चाहत्यांशी मात्र मी थोडी कडक वागते. तिथे अपमान होतो तो खऱ्या माणसाचा. भाग संपल्यावर अण्णा नाईक मेकअप उतरवून घरी जातात. या माणसाला मात्र तो अपमान घेऊनच घरी जावं लागतं, आणि फोन उघडल्यावर आपण लिहिलेल्या कमेंट वाचाव्या लागतात. तिथे आपण नुसते प्रेक्षक राहत नाही. आपण मत देतो, गँग करतो, दगडही मारतो. त्याचा हिशेब ज्याचा त्याला द्यावा लागेल.

लेकीशी बोलायचं राहिलं. तिचं म्हणणं तुम्ही इतकं मनावर घेतलंत, कारण त्यात तिचं तुमच्यावरचं प्रेम होतं, आणि एक शब्द फार लागला म्हणूनही. "तुमच्यासारख्या." तो शब्द मलाही लागला. रात्री अकराला वेबसिरीजमध्ये आईबहिणीवरून शिव्या आणि भरदिवसा गोळीबार बघणाऱ्या नवऱ्याला, भावाला, मित्राला कुणी ताटावरून विचारत नाही, की तुम्ही खुनांना प्रोत्साहन देता का. त्यांची ती आवड असते, बायकांची मात्र अक्कल काढली जाते. मालिका बघणारी बाई म्हणजे विचार न करणारी बाई, हे आपण सगळ्यांनी, शिकलेल्या बायकांनी तर फारच आनंदाने, मान्य करून टाकलंय. हे लेकीला जरूर सांगा. भांडून नको, पुढच्या सुटीत ती आली की आठला तिलाही बसवून घ्या, तिघी मिळून एक भाग बघा. तिने मधेमधे ताशेरे मारले तर मारू दे. सासूबाई तिला उत्तरं देतील, आणि ती ऐकायला मला फार आवडलं असतं.

एक कबुली देते. तुमचं पत्र वाचल्यावर ते दोन्ही भाग मी ॲपवर शोधून पाहिले, थोबाडीत मारली तो आणि माफी मागितली तो. म्हणजे दोन आकडे माझेही लागले. माफीचा प्रसंग छान झालाय, माझेही डोळे भरले. मग मागे नेऊन परत पाहिला. ताई, तो म्हणतो, "मी तुझ्यावर संशय घेतला, मला माफ कर." नंतर म्हणतो, "आईचं ऐकून तुला चूक ठरवलं." हात उचलला त्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. पहिल्यांदा पाहताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंच्या आलं होतं का, ते विचारून मला कळवा.